नेहमीच्यांना हसू, नवख्यांना रांग

आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या. महाड, पोलादपूर आणि फार तर मुंबईला परळच्या दिरांकडे, एवढाच त्यांचा आयुष्यभराचा प्रवास. गेल्या वर्षी हैदराबादला पणतीचं बारसं निघालं आणि नणंदबाईंनी फोनवरून फर्मान काढलं, ‘आईला विमानानं घेऊन ये. रेल्वेत तिचे गुडघे टिकायचे नाहीत.’ सासूबाई आधी ‘नको गं बाई, ते वरून कुठं पडलं-बिडलं तर’ म्हणाल्या. पण दोनच दिवसांनी त्यांनी ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं बाहेर काढून उन्हात टाकलं, तेव्हा मी ओळखलं की स्वारी तयार आहे.

पहाटे अडीचला महाडहून निघालो. मुंबईचा विमानतळ म्हणजे केवढा पसारा! सासूबाई माझा हात घट्ट धरून चालत होत्या. सामान देण्याच्या काउंटरवर आमच्या पुढे एक साहेब उभे होते. हातात एक छोटी बॅग आणि फोन. त्यांना पाहताच काउंटरवरच्या मुलीचा चेहरा उजळला. ‘वेलकम बॅक, सर! तुमची नेहमीची खिडकीची जागा दिलीय.’ साहेब काही न बोलता पास घेऊन गेले. आता आमचा नंबर. इतक्या गोड मुलीशी बोलायचं म्हणून सासूबाई आधीच हसून पुढे झाल्या, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू पुसल्यासारखं गेलं. ‘आयडी.’

सासूबाईंचं आधार कार्ड कमरेच्या पिशवीत, पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी, तिला रबर. ‘मॅडम, जरा लवकर.’ मी म्हटलं, ‘तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगितली होती.’ ‘हो, येईल. बाजूला बसा.’ आम्ही बाजूला बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. मी दोनदा विचारून आले. दोन्ही वेळा ‘येईल’. शेवटी विमान चुकेल या धास्तीनं मी त्यांना चालवतच नेलं. तपासणीच्या रांगेपासून गेटपर्यंत त्या तीनदा बसल्या. तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा धापा टाकत म्हणाल्या, ‘काय गं, त्या पोरीचं हसू बटणावर आहे का? त्या साहेबासाठी लावलं, आपण आलो तशी बंद केलं.’

मला हसू आलं आणि पोटात कालवलंही. मग त्या म्हणाल्या, ‘त्यापेक्षा आपला एसटीतला कंडक्टर बरा. मला बघून गाडी पायरीला लावायला सांगतो.’

त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. कारण आपला कंडक्टर बरा हे खरंच. पण तो कुणाला बरा, आणि गाडीतले आपण सगळे कुणाला बरे, हे विचारायची वेळ माझ्यावर आली.

हसण्याचा हिशेब

हैदराबादला पोहोचल्यावर नणंदेच्या जावयांना ही गोष्ट सांगितली. ते कामानिमित्त आठवड्यातून दोनदा विमानात बसतात, आपण महाडच्या बाजारात जावं तसं. ते म्हणाले, ‘मामी, त्या मुलीला माणूस दिसायच्या आधी पडद्यावर त्याचं कार्ड दिसतं.’

ही कार्डाची भानगड मला नवीनच होती. जितका प्रवास कराल, जितके पैसे मोजाल, तितके गुण तुमच्या नावावर जमा होतात. गुण वाढले की पायरी वाढते. चांदीची, सोन्याची, त्याच्याही वरची. वरच्या पायरीवरच्या माणसाला वेगळी रांग, जास्त सामान, आरामकक्षात चहा-नाश्ता आणि जागा रिकामी असेल तर पुढच्या महागड्या वर्गात बसायची संधी. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१मध्ये अशी योजना सुरू केली आणि मग जगभर तिचं पेव फुटलं. आपल्या एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ १९९४मध्ये आली. २०२५मध्ये तिचं नाव ‘महाराजा क्लब’ झालं. इंडिगोसारख्या स्वस्त विमान कंपनीनंही २०२४मध्ये ‘ब्लूचिप’ नावाची योजना काढली.

महाराजा म्हटल्यावर मला तो मिशीवाला, कमरेत वाकून छातीवर हात ठेवणारा महाराजा आठवला. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तो जन्माला घातला. गंमत अशी, की महाराजा स्वतः वाकलेला आहे. येणारा प्रवासी कोण, कितव्यांदा आला, हे तो विचारत नाही. जे. आर. डी. टाटा तर एअर इंडियाच्या विमानातून प्रवास करताना चहाच्या रंगापासून पडद्यांपर्यंत सगळं बारकाईनं बघायचे आणि उतरल्यावर चिठ्ठ्या लिहून पाठवायचे, असं सांगतात. यजमानानं पाहुण्यांच्या पंगतीत फिरून बघावं, तसंच हे.

पण जावयांनी दुसरीही बाजू सांगितली. कार्ड असूनही वागणूक एकसारखी नसते. एका विमानात नाव घेऊन स्वागत होतं, तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानात कुणी मान वर करून बघत नाही. पहाटेच्या विमानातली माणसं ताजी असतात, रात्री उशिराची थकलेली. विमानाला उशीर झाला, की सगळ्यात आधी हसू उतरतं. डिसेंबर २०२५मध्ये देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा सोन्याचं कार्डवाले आणि पहिल्यांदाच निघालेले एकाच फरशीवर सामानाला टेकून बसलेले आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले.

आणि हसणाऱ्यांचं काय? अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून १९८३मध्ये ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिलं. पगारासाठी आतली भावना दाबून बाहेर वेगळी दाखवावी लागते, यालाही श्रम म्हणायला हवं, असं त्यांनी मांडलं. ते वाचताना वाटलं, आपल्या बायकांना हे पुस्तकातून कशाला कळायला हवं? डोकं ठणकत असताना दारात पाहुणे आले, की पदर सारखा करून ‘या या, बसा’ म्हणणारी प्रत्येक बाई हे श्रम फुकटात करत आलेली आहे.

आपल्याकडे तर या मुलींना हसण्याआधी उभं राहण्याचीच लढाई करावी लागली. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याचा एअर इंडियाचा नियम होता. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही, ही अट मात्र कोर्टानं कायम ठेवली होती. म्हणून काउंटरवरच्या त्या मुलीवर मी आता रागावलेली नाही. तिला दिवसभरात किती जणांसमोर हसावं लागतं, तिची पाळी किती तासांची, घरी तान्हं बाळ आहे का, मला ठाऊक नाही. तिचं हसू पुरवून वापरायचं असेल, तर ते कुणासाठी राखून ठेवायचं हे तिला कुणीतरी शिकवलंय. माझं भांडण त्या शिकवणीशी आहे.

हे केवळ मानापमानाचं असतं तर मी लेख लिहिला नसता. फेब्रुवारी २०२४मध्ये मुंबईच्याच विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेलं एक वृद्ध जोडपं उतरलं. दोघांनी व्हीलचेअर सांगितलेली, मिळाली एकच. पत्नीला तीत बसवून ८० वर्षांचे आजोबा चालत निघाले. ते वाटेतच कोसळले आणि गेले. डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, त्या प्रकरणात एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला. ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि विसरले होते. गेटपाशी सासूबाई तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा ती मला आठवली.

खरे नेहमीचे कोण?

आमच्या शेजारच्या भाभींना मी हे सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, आमच्या घरात तर २२ वर्षं विमान आहे. आम्हाला कुणी कार्ड नाही दिलं.’

खरंच की! महाड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतले पुरुष आखाती देशांत नोकरीला आहेत. आमच्या तालुक्यातले खरे नेहमीचे विमानप्रवासी म्हणजे ही माणसं. पण तिकीट काढतो मालक किंवा एजंट. ज्या वेळी जे स्वस्त, ते. दर वेळी विमान कंपनी वेगळी, त्यामुळे गुण जमणार कुठून? भाभी एकदा यजमानांबरोबर दुबईला गेल्या होत्या. त्या विमानात कामगारांशी बोलताना कर्मचाऱ्यांचा आवाज चढायचा. ‘बैठो, बैठो! सीटबेल्ट!’ शाळेतल्या वर्गावर ओरडावं तसं. ‘आमचे हे तर त्या रस्त्यानं इतक्यांदा गेलेत, की डोळे मिटून बेल्ट लावतील,’ भाभी सांगत होत्या. ‘पण चेहरा बघून ठरवतात ना.’

दोन वर्षांनी घरी येणारा माणूस. सामानात टँगचे डबे, बदाम-पिस्ते, जाडजूड ब्लँकेट. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा प्रवास हा. त्याच्याशी कुणी दोन शब्द नीट बोललं, तर कंपनीचं काय जाणार असतं?

एसटीतलं कार्ड

आता आपल्या गाडीकडे येते. मी बचतगटांच्या कामासाठी दर मंगळवारी महाडहून पोलादपूरला जाते. अंतर १८-२० किलोमीटर, पण ते एक वेगळं जग आहे. शिक्षिका, नर्सबाई, कोर्टातले कारकून, पास गळ्यात अडकवलेल्या कॉलेजच्या मुली, बिरवाडीच्या कारखान्यांत जाणारे कामगार. कंडक्टर तिकीट द्यायच्या आधी विचारतो, ‘ताई, मागच्या मंगळवारी दिसला नाहीत?’ कुणाच्या आईचं औषध, कुणाचा विसरलेला डबा, कुणाच्या लेकीचा फॉर्म, सगळं गाडीबरोबर जातं. आतल्या गावांत मुक्कामाला जाणाऱ्या वस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला तर गाव घरचंच समजतं. रात्री कुणीतरी भाकरी-कालवण आणून देतं, पहाटे कुणीतरी चहा.

हे नातं किती खोल आहे, ते आम्हाला २ ऑगस्ट २०१६च्या रात्री कळलं. महाड आणि पोलादपूरच्या मधला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या त्याबरोबर गेल्या. जून २०१७मध्ये नवा पूल झाला. पण आजही पावसाळ्यात गाडी त्या पुलावर आली, की गप्पा आपोआप थांबतात. त्या रात्री प्रवाशांबरोबर त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टरही गेले. शेवटपर्यंत सोबत करणारी अशी ही सेवा.

एसटीतही नेहमीच्यांसाठी योजना आहे, बरं का! मासिक पास काढला, तर २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो. पण तो पास दाखवला म्हणून कुणी पुढची खुर्ची देत नाही. १ जून १९४८ला अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली, तेव्हापासून गाडी एक आणि दरवाजाही एकच. आणि सवलती बघा कुणाला आहेत! बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास. २६ ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास. १७ मार्च २०२३पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. विमानात जो जास्त पैसे मोजतो त्याला जास्त मिळतं. एसटीत ज्याची गरज जास्त त्याला जास्त. सासूबाई विमानात शेवटच्या पायरीवर होत्या. एसटीत त्यांचं वय हेच सोन्याचं कार्ड आहे.

इथं लेख संपवला असता, तर आपली पाठ आपणच थोपटल्यासारखं झालं असतं. पण सासूबाईंच्या त्या बटणाच्या वाक्यानं मला एक संध्याकाळ आठवली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी जागा

जून महिना होता. पोलादपूरहून महाडला यायची संध्याकाळची गाडी. आम्हा नेहमीच्या बायकांच्या जागा ठरलेल्या. कुठे लिहिलेलं नाही, आरक्षणही नाही, पण ठरलेल्या. माझी दुसऱ्या ओळीतली, खिडकीची. मी मीटिंग आटोपून धावत-पळत चढले, तर तिथं एक आदिवासी वाडीवरची बाई बसलेली. मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं मूल, पायाशी रिकामी टोपली. शेवळं विकायला आली असावी. कंडक्टर अजून खालीच होता.

आमच्यातल्या एकीनं मला बघितलं आणि तिला म्हणाली, ‘अगं ए, ही ताईंची जागा आहे. तू मागं जा.’

ती बाई काही बोलली नाही. मूल कडेवर घेतलं, टोपली उचलली आणि मागे गेली. मागे जागा नव्हती. ती खाली बसली, चाकावरच्या उंचवट्याला टेकून. आणि मी? मी बसले. ‘अगं, राहू दे गं’ असं तोंडातल्या तोंडात पुटपुटले, पण बसले. एवढंच नाही, तर पिशवीतून बचतगटाचं रजिस्टर काढून हिशेब तपासू लागले. गरीब बायकांच्या सबलीकरणाचा हिशेब!

मूल खोकत होतं. ते ऐकू येत होतं. नडगावच्या पुढं कुठंतरी ती उतरली. माझ्या बाजूनं जाताना तिनं एकदा बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. ही गोष्ट तिच्यासाठी नेहमीची होती, एवढंच त्या नजरेत होतं.

मैत्रिणींनो, काउंटरवरच्या मुलीनं आमच्याशी जे केलं, त्याहून हे वाईट होतं. तिच्यासमोर निदान पडद्यावर कार्ड होतं, मागे कंपनीचा दट्ट्या होता. माझ्यावर कुणाचाच दट्ट्या नव्हता. नेहमीची प्रवासी म्हणून मिळालेला मान मी हक्क समजून वापरला आणि त्याची किंमत नवख्या बाईनं भरली.

हे मी एकटीच करते असंही नाही. अर्ध्या तिकिटाची सवलत आली, तेव्हा गाडीतले काही पुरुष प्रवासी मोठ्यानं म्हणायचे, ‘आता काय, बायकांचंच राज्य. घरी काम नाही, फिरा एसटीनं.’ सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देतं, यांच्या खिशातून काही जात नाही. आम्ही नेहमीच्या बायका त्यांना उत्तर द्यायचो, कारण आम्ही दहाजणी एकत्र. पण दवाखान्यात पहिल्यांदाच एकटी निघालेली वाडीवरची सून काय उत्तर देणार? ती खाली मान घालून उभी राहायची.

ओळख आणि नियम

मला वाटतं, गोम इथं आहे. एसटीतली माया ओळखीतून येते. ती फार छान असते, पण ओळखीच्या बाहेर उभ्या असलेल्याला ती दिसतसुद्धा नाही. विमानात ओळख नसते, म्हणून तिथं नियम करावे लागतात. मग नियमाच्या वर पैसा बसतो आणि हसू वाटून घेतो. नवख्या माणसाला आधी नियमाचा आधार हवा, आणि तो नियम पाळणाऱ्याच्या मनात थोडी माया हवी.

नियम आहेतही. ते आपल्याला माहीत नसतात, हा आपला दोष. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५पासून सुरू झाला. तो आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. महाड-पोलादपूरची माणसं आता आणखी विमानात बसणार. कुणी लेकीकडे, कुणी उपचारांसाठी, कुणी यात्रेला. त्यांच्यासाठी, मी ठेचकाळून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

व्हीलचेअर हवी असेल, तर ती तिकीट काढतानाच नोंदवा. निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा आणि तिकिटावर तशी नोंद आली आहे का, ते तपासा. विमानतळावर जास्त वेळ हाताशी ठेवून पोहोचा. वयस्कर माणसाला खुर्ची आल्याशिवाय उठवू नका. हे मी केलं नाही, म्हणून मुद्दाम सांगते. ‘येईल’ असं दोनदा ऐकलं, की तिसऱ्यांदा त्या माणसाचं नाव विचारून त्याच्या वरिष्ठांना भेटा.

विमानाला उशीर झाला तर गप्प बसू नका. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला, आणि तुम्ही वेळेवर पोहोचलेले असाल, तर खाणं-पिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. देशातल्या प्रवासात सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, असा पर्याय द्यावा लागतो. या नियमात कार्डाचा उल्लेख नाही. ते पहिल्यांदा बसलेल्यालाही तितकेच लागू आहेत.

तक्रारीसाठी केंद्र सरकारची ‘एअरसेवा’ ही सोय आहे, आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. एसटीबद्दल काही सांगायचं असेल, तर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाकडे किंवा आगार व्यवस्थापकांकडे जा. आणि चांगली वागणूक मिळाली, तर तेही कळवा. तक्रारीचा कागद सगळे लिहितात. कौतुकाचा कागद एखाद्या कंडक्टरच्या नोकरीत एकदा तरी यावा.

परतीची मुलगी

परतीचं विमान रात्रीचं होतं. सासूबाईंना व्हीलचेअर या वेळी वेळेवर मिळाली. विमानात बसल्यावर त्यांना पट्टा लावता येईना. मी वाकून खटपट करत होते, तेवढ्यात एक हवाई सुंदरी आली आणि आमचं बोलणं ऐकून चक्क मराठीत म्हणाली, ‘आजी, मी लावून देऊ?’ तिनं गुडघ्यावर बसून पट्टा लावला, सैल केला, ‘पोटाला रुततोय का?’ विचारलं. सासूबाई खूश. माझ्या कानात म्हणाल्या, ‘आपल्याकडची दिसते. म्हणून केलं हो तिनं.’

मलाही तसंच वाटलं. ओळखीची माया! पण थोड्याच वेळात एक तरुण कामगार बोर्डिंग पास दोन्ही हातांत धरून वाटेतच उभा राहिलेला दिसला. त्याला जागा सापडत नव्हती. त्याला मराठी येत नव्हतं आणि हिंदीही जेमतेमच. मागचे लोक ‘चलो, चलो’ करत होते. ती मुलगी त्याच्याकडे गेली. आवाज न चढवता पास बघितला, त्याच्या पुढे चालत त्याला जागेपर्यंत नेलं, सामान वर ठेवायला हात लावला आणि तसाच गुडघ्यावर बसून त्याचाही पट्टा लावून दिला. पुढच्या महागड्या ओळीतल्या लोकांशी ती ज्या आवाजात बोलत होती, त्याच आवाजात.

उतरताना मी तिला विचारलं, ‘बाळ, एवढ्या रात्री दमत नाहीस का?’

ती म्हणाली, ‘दमते ना मावशी. पण पहिल्यांदा बसलेला माणूस चेहऱ्यावरून कळतो. माझे बाबा पहिल्यांदा विमानात बसले, तेव्हा मी त्यांच्यासोबत नव्हते.’

सासूबाई महाडपर्यंत तिच्याचविषयी बोलत होत्या. ‘हिचं हसू बटणावरचं नव्हतं गं.’

त्यानंतरच्या मंगळवारी मी आमच्या एसटीतल्या मैत्रिणींना ती जूनमधली गोष्ट पुन्हा सांगितली. काही जणींना ती आठवतही नव्हती. मी म्हटलं, यापुढे माझी जागा कुणी धरायची नाही, आणि पुढच्या दोन ओळी लेकुरवाळीला आणि म्हाताऱ्या माणसाला आधी. सगळ्या लगेच ‘हो’ म्हणाल्या नाहीत. आमच्या शिक्षिका म्हणाल्या, ‘दिवसभर शाळेत उभं राहून आम्ही इथंही उभंच राहायचं का?’ त्यांचंही चूक नाही. पण मागच्या आठवड्यात त्याच बाई एका बाळंतिणीला जागा देऊन दांड्याला धरून उभ्या होत्या. मी बघितलं, हे त्यांना आवडलं नसावं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

शेवळांचा हंगाम आला, की पोलादपूरच्या स्टँडवर टोपली घेतलेल्या बायकांकडे मी निरखून बघते. ती अजून दिसलेली नाही. दिसली, तर फार काही बोलायचं नाही. माझ्या शेजारी जागा करून ‘बस गं’ एवढंच म्हणायचं आहे.